तारा लावायचा की नाही?

गोवंडीत जुन्या लोखंडाचे कुणाला अप्रूप नाही. बैंगनवाडी, शिवाजीनगरच्या गल्ल्यांत रोज काही ना काही तुटते, वजनावर जाते आणि रात्रीच्या गाडीने भट्टीकडे रवाना होते. त्यामुळे मागच्या वर्षी आमच्या मामूंचा इंतकाल झाला, तेव्हा त्यांचा जुना ट्रक भंगारवाल्याकडे जाणार हे घरातल्या सगळ्यांनी धरूनच चालले होते. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडजवळच्या एका गोदामाच्या अंगणात तो कित्येक वर्षे उभा होता. फिटनेस केव्हाच संपली होती. जागेचे भाडे तेवढे दर महिन्याला जात होते. भंगारवाल्याने दीड लाख रुपये सांगितले आणि मामी हो म्हणाल्या.

तेवढ्यात सातारकडच्या एका शौकीन माणसाचा फोन आला. जुन्या गाड्या जमवून त्या नीट करून ठेवण्याचा त्यांना छंद. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. ट्रक ओरिजिनल आहे का? आणि तारेवाला आहे का? तारेवाला असेल तर साडेतीन लाख, नसेल तर पाहून ठरवू.

आमच्या दोन मामेभावांपैकी धाकट्याने लगेच हो सांगितले. दुसऱ्या दिवशी तो चोरबाजारातून पितळेचा एक जुना तारा घेऊन आला आणि ट्रकच्या तोंडावर बसवून मोकळा झाला. आमची मामेबहीण मात्र बेचैन झाली. तिने आम्हाला फोन केला, “बाजी, तुम्ही येऊन जा. अब्बांची डायरी उर्दूत आहे, आर.सी. बुक इंग्रजी-मराठीत आहे. या दोघांना यातले एकही नीट वाचता येत नाही.”

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. ट्रकशी आमचा संबंध एवढाच, की लहानपणी मामूंच्या शेजारी इंजिनाच्या गरम झाकणावर गोधडी टाकून बसलो होतो. तरी गेलो. त्या चार रविवारांत जे शिकलो ते वाचकांना सांगण्यासारखे वाटले, कारण जुनी गाडी विकणे किंवा घेणे हा प्रसंग आपल्यातल्या पुष्कळ घरांत येतो.

ताऱ्याची गोष्ट

टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ मध्ये निघाली ती रेल्वेची इंजिने बनवण्यासाठी. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिला टाटा-मर्सिडिज-बेंझ ट्रक बाहेर पडला. या ट्रकच्या तोंडावर मर्सिडिजचा तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपला. तारा गेला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. आत मात्र एका रात्रीत काही बदलले नाही. ढाचा तोच, कारखाना तोच, कामगारही तेच.

म्हणून शौकीन लोक तारा शोधतात. तारा असणे म्हणजे गाडी १९५४ ते १९६९ या पंधरा वर्षांतली. पण तारा चार स्क्रूंवर बसतो आणि चोरबाजारात विकत मिळतो. जी खूण विकत मिळते ती पुरावा कशी होईल? मग पुरावा कुठे शोधायचा?

कागद आणि पेन्सिल

आमच्या शेजारी एक म्हातारे मिस्त्री चाचा राहतात. हयातभर ट्रकचेच काम केलेले. त्यांना सोबत नेले. चाचा म्हणाले, “आधी कागद वाचा, मग लोखंड वाचा. दोन्ही एकच बोलले तर गाडी खरी.”

आर.सी. बुकाकडे आपण मालकीचा कागद म्हणून पाहतो. खरे तर तो गाडीचा सबंध तपशील असतो. उत्पादनाचे साल, चासी नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर किती, बॉडी कसली, रंग कोणता, रिकामे वजन किती, पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर किती, हे सगळे त्यात लिहिलेले असते. मामूंच्या पुस्तकावर तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असा जुना नंबर होता. ‘एमएच ०३’ अशा जिल्हावार पाट्या १९८८ चा मोटार वाहन कायदा १९८९ मध्ये लागू झाल्यानंतरच्या. उत्पादनाच्या रकान्यात साल होते १९७३.

धाकटा भाऊ म्हणाला, “लिहिणाऱ्याची चूक असेल. अब्बा नेहमी ‘आपली मर्सिडिज’ म्हणायचे.”

चूक होऊ शकते, हे आम्हीही मानले. म्हणून चासी नंबर पाहायचे ठरले. तो ट्रकच्या लांब लोखंडी पट्टीवर, पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो. तिथे ग्रीस, माती आणि रंगाचे किती थर चढले होते ते सांगता येणार नाही. चाचांनी रॉकेलच्या बोळ्याने जागा पुसली. घासणीने घासू दिले नाही. म्हणाले, “तिथे ग्राइंडर फिरल्याची खूण दिसली तर कुणीही शंका घेईल. जागा जशी आहे तशी राहिली पाहिजे.” मग त्यांनी आमच्याकडे पातळ कागद आणि पेन्सिल मागितली. कागद अंकांवर ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली. नाण्यावर कागद ठेवून मुले वर्गात हेच करतात आणि आम्ही त्यांना रागावतो. आर.टी.ओ.त फॉर्मला चिकटवून देतात ती पेन्सिल प्रिंट ती हीच.

कागदावर एकेक आकडा उमटत गेला. तो आर.सी.तल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. संगणकावरच्या नोंदीत मात्र एका ठिकाणी तीनचा आठ झाला होता. हातचे लिहिलेले पुस्तक पाहून कुणी तरी टाइप करताना ते झाले असावे. पेन्सिल प्रिंट नसती तर ही गाठ सुटली नसती.

हल्लीच्या गाड्यांना सतरा खुणांचा नंबर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. टाटांच्या गाड्यांचा नंबर एम-ए-टी या अक्षरांनी सुरू होतो. जुन्या ट्रकचा नंबर लहान असतो आणि त्यात एवढी माहिती भरलेली नसते. म्हणून जुन्या गाडीला एका नंबरावर सोडता येत नाही, बाकीचे लोखंडही वाचावे लागते.

फुटपट्टी, रिबिटे आणि ६९७

दुसऱ्या रविवारी आम्ही शाळेतली मोजपट्टी घेऊन गेलो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजले. सव्वाचार मीटरच्या आसपास भरले. आर.सी.तही तेच. हे का मोजायचे? एकच ट्रक कारखान्यातून वेगवेगळ्या लांबीत मिळत असे. टाटांच्या मॉडेलच्या नावात तिरप्या रेघेनंतर ३६, ४२, ४८ असे आकडे दिसतात. ते हे अंतर सांगतात. ४२ म्हणजे सुमारे बेचाळीस डेसिमीटर. गिऱ्हाइकाने ऊस न्यायचा की वाळू न्यायची, यावर लांबी ठरायची. पुढे काही लोक जास्त माल बसावा म्हणून चासी कापून, तुकडा जोडून ट्रक लांब करत. अशा ट्रकचे माप आर.सी.शी जुळत नाही. चाचांनी बॅटरी मारून पट्टीवरचा एकेक जोड दाखवला. कारखान्याच्या जोडात रिबिटे असतात. जिथे रिबिटाऐवजी नटबोल्ट किंवा वेल्डिंग दिसेल तिथे नंतर हात लागला आहे. मामूंच्या ट्रकला मागच्या बाजूला दोन ठिकाणी बोल्ट होते. बाकी रिबिटे जागच्या जागी.

ट्रकच्या नावाचेही गणित आम्हाला तेव्हा कळले. मामू ज्याला ‘बारा-दहा’ म्हणायचे तो १२१० म्हणजे मालासकट एकूण वजन सुमारे बारा टन आणि ताकद दहा गुणिले दहा, शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर. रस्त्यावर दिसणारा ४०७ म्हणजे चार टन आणि सत्तर. इतकी वर्षे हे आकडे पाहत होतो, वाचले कधीच नव्हते.

इंजिनाचेही तसेच. इंजिनावर ६९७ असे होते. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन सिलिंडरच्या व्यासाचे. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि व्यास ९२. मर्सिडिजच्या ज्या इंजिनावर जमशेदपूरचे काम सुरू झाले त्याचा व्यास ९० होता. एकाच नजरेत चाचा म्हणाले, “हे इंजिन या गाडीचे पहिले नाही. हे मोठे आहे, नंतरचे आहे.” आर.सी.च्या पहिल्या पानावरचा इंजिन नंबरही वेगळाच निघाला.

धाकट्याचा चेहरा उतरला. थोरला म्हणाला, “मग गेलाच की सौदा.”

उर्दू डायरीचा दोन आणि तीन

मामूंची डायरी म्हणजे खरे तर तीन वह्या. गोवंडीतून भंगार जालन्याच्या भट्ट्यांकडे, येताना लासलगावचा कांदा वाशीच्या बाजारात, बकरी ईदच्या आधी देवनारला बकऱ्या. प्रत्येक फेरीचे डिझेल, टायर, जकात, क्लीनरचा पगार, सगळे बारीक अक्षरांत. तिसऱ्या रविवारी आम्ही आणि मामेबहीण त्या वह्या घेऊन बसलो.

पहिल्या वहीत गाडी घेतल्याची नोंद होती, पण साल वाचता येईना. उर्दू आकड्यांत दोन आणि तीन यांत फक्त एका दात्याचा फरक असतो आणि मामू घाईत लिहायचे. ७२ की ७३? आर.सी.ने निवाडा केला. नोंदीच्या पानाला विक्रेत्याच्या बिलाची नक्कल डकवलेली होती. तीत लिहिले होते, चासी, काउलसह. ९.००-२० मापाचे सात टायर, म्हणजे सहा चाकांचे आणि एक स्टेपनी. जॅक आणि हत्यारांची पेटी.

बस्स, एवढेच. केबिन नाही, हौदा नाही, सीटसुद्धा नाही.

इथे आम्ही थांबलो. कारखान्यातून ट्रक म्हणून जे आले ते चाकांवरचा सांगाडा, इंजिन आणि तोंड. त्या काळी आपल्याकडे हीच रीत होती. जमशेदपूरहून चासी रस्त्याने निघत. ड्रायव्हर एखाद्या खोक्यावर किंवा फळीवर बसून, डोक्याला रुमाल आणि डोळ्याला गॉगल लावून, उघड्यावर शेकडो मैल चालवत आणत. मग बॉडीवाला सुतार-लोहार लावून केबिन बांधायचा, हौदा आणि फाळके लावायचा, वर ताज चढवायचा, आणि पेंटर फुलांच्या वेली काढायचा. डायरीप्रमाणे मामूंची पहिली बॉडी कुर्ल्यात बांधली गेली. दहा-बारा वर्षांनी लाकूड कुजले म्हणून दुसरी. त्यानंतर तिसरी. आज जी दिसते ती तिसरी.

मग या ट्रकमध्ये ‘ओरिजिनल’ काय? परदेशात याचे उत्तर सोपे असते. अमेरिकेत शेवरले ट्रकच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यात कारखाना एक कागद चिकटवायचा. त्या गाडीला कोणकोणत्या जादा गोष्टी बसवल्या त्यांची सांकेतिक अक्षरे त्यावर असत. तो कागद शाबूत असला की पन्नास वर्षांनीही रंगापासून गिअरपर्यंत सारे पडताळता येते. मर्सिडिज प्रत्येक गाडीचे डेटा कार्ड ठेवते. आपल्याकडे मामूंच्या ट्रकचे डेटा कार्ड म्हणजे डायरीत डकवलेले ते बिल. ते सांगत होते, की कारखान्याने काय दिले आणि काय दिलेच नव्हते.

नुसत्या नावाच्या पाटीवर विसंबू नये, हे तर आमच्या शेजारच्या कुर्ल्यानेच दाखवले आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. आज त्या जागेवर उंच इमारती आहेत. अमेरिकेच्या क्रायस्लरशी असलेल्या करारानुसार तिथे ट्रक बनत. जवळजवळ तोच ट्रक कधी डॉज म्हणून विकला जायचा, कधी फार्गो, कधी डिसोटो. पाटी तेवढी वेगळी. मिस्त्री चाचा तरुणपणी या तिन्ही नावांच्या गाड्या दुरुस्त करत. ते म्हणतात, “एकीचा भाग दुसरीला बिनदिक्कत बसायचा. पाटीसुद्धा.”

दुसऱ्या वहीत इंजिनाचा उलगडा झाला. १९९४ चा पावसाळा. कसारा घाटात इंजिन बसले, ब्लॉक फुटला. मामूंनी मामीच्या बांगड्या मोडून दुसरे इंजिन घेतले. पुढच्याच आठवड्यात आर.टी.ओ.त जाऊन बदलाची नोंद करून घेतल्याचेही लिहिले होते. आम्ही आर.सी.ची मागची पाने पुन्हा उलटली. घडी पडून चिकटलेल्या एका पानावर शिक्का होता, नवा इंजिन नंबर आणि तारीख. कायद्याने गाडीत असा बदल केला की मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. मामूंनी ते केले होते.

मामी तोवर गप्प होत्या. त्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, “त्या बांगड्यांचे मला काही वाटले नव्हते. पण त्यांनी लिहून ठेवले असेल असे वाटले नव्हते.”

सौदा

चौथ्या रविवारी सगळे मामींच्या घरी बसलो. धाकट्याचे म्हणणे होते, की तारा राहू द्यावा, विचारले तरच सांगावे. त्याची अडचणही खोटी नव्हती. मुलीच्या फीचे पैसे भरायचे होते आणि फरक लाखाच्या वर होता. थोरला काहीच बोलेना. मामेबहीण म्हणाली, “यात माझाही वाटा आहे. माझ्या वाट्यात खोटे नको.” विकणाऱ्याने मालाचा ऐब झाकू नये, हे आपल्या घरांत लहान मुलालाही शिकवतात. पण ते फळाच्या पाटीबद्दल शिकवणे सोपे आहे. साडेतीन लाख समोर असताना त्याचे वजन कळते.

शेवटी मामी म्हणाल्या, “कागदावर लिहा. जे आहे ते.”

आम्ही एक पान लिहिले, तीन भागांत. पहिला, कारखान्याचे जे आजही तेच आहे: चासी, नंबरासह, काउल, पुढचा आणि मागचा आक्सल, लांबी. दुसरा, जे बदलले: इंजिन १९९४ मध्ये, नोंदीसह; बॉडी दोनदा; मागचे दोन जोड; कमानपाटे; वायरिंग. तिसरा, जे सांगता येत नाही: गिअरबॉक्स पहिलाच की नंतरचा, मूळ रंग कोणता. चाचांनी काउलच्या आतल्या कोपऱ्यात नखाएवढी जागा खरवडली होती. खाली हिरवट थर दिसला. पण तो कारखान्याचा की बॉडीवाल्याचा, हे ते शपथेवर सांगायला तयार नव्हते. म्हणून तोही तिसऱ्या भागात.

रात्री धाकट्याने स्वतःच स्क्रू काढून तारा उतरवला. खाली चार जुनी भोके होती. ती ‘टी’ची. आमच्याकडे मामूंचा एक फोटो आहे. त्यात ते ट्रकच्या तोंडाला हात लावून उभे आहेत आणि पंजामागून ‘टी’ची आडवी रेघ दिसते. इतकी वर्षे फोटो भिंतीवर होता, कुणी पाहिलेच नव्हते.

सातारचे गृहस्थ आले. त्यांनी पान वाचले, पेन्सिल प्रिंट जुळवली, खाली पडून रिबिटे पाहिली. इंजिन नंतरचे आहे म्हणून नाराज झाले आणि ते लपवले नाही. दोन लाख दहा हजारांवर सौदा झाला. साडेतीनपेक्षा खूप कमी, भंगारापेक्षा साठ हजार जास्त. जाताना त्यांनी डायरीही मागितली. मामींनी दिली नाही. ट्रकसंबंधीच्या पानांच्या झेरॉक्स आणि त्यांचा मराठी तर्जुमा आम्ही करून दिला. तो आता ट्रकच्या कागदांत आहे.

वाचकांसाठी चार गोष्टी

जुने वाहन विकण्याआधी किंवा घेण्याआधी एवढे तरी करावे.

आर.सी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे. बदलांच्या नोंदी बहुधा मागे असतात. चासी नंबरची पेन्सिल प्रिंट स्वतः घ्यावी आणि ती पुस्तकाशी आणि संगणकावरच्या नोंदीशी, दोन्हींशी जुळवावी. नंबराच्या जागी घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण असेल तर सौदा तिथेच थांबवावा.

‘व्हिंटेज’ नोंदणीचे आमिष कुणी दाखवले तर जपून. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील आणि मूळ रूपात ठेवलेल्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. पण हे नियम दुचाकींसाठी आणि खासगी वापराच्या चारचाकींसाठी आहेत, मालवाहू ट्रकसाठी नाहीत. मामूंचा ट्रक पन्नाशीचा असूनही त्यात बसला नाही. तो आता रस्त्यावर धावणार नाही, शेडमध्ये उभा राहील.

गाडी भंगारातच द्यायची असेल तर नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर तोडलेल्या गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीवर चढू शकतो आणि पोलीस मूळ मालकाच्या दारात येतात.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या, त्या कोणत्याही लिपीत असोत, रद्दीत टाकण्याआधी वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवाव्यात. आमच्या शाळेत आता सातवीच्या मुलांना आम्ही नाण्याची पेन्सिल प्रिंट काढू देतो. पितळेचा तो तारा मामींच्या कपाटात आहे. धाकटा म्हणतो, चोरबाजारात परत देऊन येतो. अजून गेलेला नाही.